नचिकेताचा संगणक, म्हाताऱ्यांचा संगणक

सप्टेंबर २०२२ मध्ये डेबियनच्या जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी एका प्रश्नावर मतदान सुरू केले. वरवर पाहता प्रश्न वाय-फायच्या कार्डाचा होता. वाय-फायचे कार्ड, ग्राफिक्सचे कार्ड अशा भागांना चालू होण्यासाठी आपापला छोटा प्रोग्राम लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक कंपन्या तो बंद स्वरूपात देतात: आत काय लिहिले आहे ते कोणाला वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही. डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम असल्यामुळे तिच्या अधिकृत प्रतीत अशा बंद वस्तूला जागा नव्हती. परिणामी कोणी हौसेने नव्या लॅपटॉपवर डेबियन बसवायला घ्यावे आणि वाय-फायच सापडत नाही म्हणून निम्म्या वाटेत अडून बसावे, असे वर्षानुवर्षे चालले होते. फर्मवेअर घातलेली वेगळी प्रत डेबियनच्याच सर्व्हरवर होती. पण तिच्यावर ‘अनधिकृत’ असा शिक्का होता आणि ती माहीतगारालाच सापडे.

डेबियनचा १९९७ पासून एक सामाजिक करार आहे. त्यातले चौथे कलम सांगते की प्रकल्पाचे अग्रक्रम दोन: वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर. या दोघांत तंटा लागला तर कोणाची बाजू घ्यायची, हे कलम सांगत नाही. २०२२ मध्ये तो तंटाच समोर उभा राहिला. करार बदलायला तिप्पट बहुमत लागते, आणि ते मिळाले. १० जून २०२३ रोजी आलेल्या ‘बुकवर्म’ या आवृत्तीच्या अधिकृत प्रतीत बंद फर्मवेअर आले. मात्र ठरावात एक अट होती. कोणते फर्मवेअर चढवले ते वापरणाऱ्याला सांगायचे आणि शक्य असेल तिथे ते नाकारण्याची सोय ठेवायची.

हा तांत्रिक तपशील आहे असे समजून पुढे जाण्यात चूक होईल. स्वतंत्र असणे आणि सुखाने काम होणे यांत विरोध आहे का, असेल तर माणसाने काय पत्करावे, आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी काय पत्करावे, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. कठोपनिषदात यमाने नचिकेतापुढे तो मांडला. श्रेय वेगळे आणि प्रेय वेगळे, दोन्ही माणसापुढे येतात, विचारी माणूस श्रेय निवडतो आणि मंदबुद्धीचा योगक्षेमाच्या ओढीने प्रेय निवडतो. नचिकेताला हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य, अप्सरा सारे देऊ केले होते. त्याने ते नाकारले आणि मृत्यूनंतर काय उरते एवढेच विचारले.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत हा नचिकेत वारंवार भेटतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापले आणि चार स्वातंत्र्ये मांडली: प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवण्याचे, तो आतून पाहून बदलण्याचे, त्याच्या प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रती वाटण्याचे. ज्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बंद वस्तूचा कणही नाही अशांचीच शिफारस फाउंडेशन करते. स्पेनमधल्या गॅलिसियातून आलेली ट्रिस्केल, पॅराबोला, ग्विक्स अशी मोजकी नावे त्या यादीत आहेत. डेबियन त्यात नाही. बंद सॉफ्टवेअरचे भांडार मुख्य भागापासून वेगळे असले तरी ते डेबियन आपल्याच सर्व्हरवर ठेवते, एवढे कारण फाउंडेशनला पुरले होते. ट्रिस्केल बसवणाऱ्याला अनेकदा त्या सिस्टीमशी जुळणारे वाय-फायचे कार्ड वेगळे विकत घ्यावे लागते. श्रेयासाठी प्रेय सोडायचे ते असे.

या निष्ठेबद्दल आदर वाटावा, आणि तो वाटतोही. पण चळवळीच्या जन्मकथेकडे नीट पाहिले तर श्रेय-प्रेयाची ही सरळ फारकत टिकत नाही. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. तो वेगळ्या मजल्यावर होता आणि कागद अडकला की कोणाला कळत नसे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्टॉलमन यांनी बदल केला होता. कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली त्यांच्या पडद्यावर निरोप जाई. नव्या प्रिंटरसाठीही त्यांना तेवढेच करायचे होते, पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या संशोधकाने गुप्ततेचा करार केलेला असल्याने नकार दिला. चळवळीची ठिणगी इथे पडली, आणि ती पडली जिने चढून-उतरून कंटाळलेल्या माणसांची सोय करण्याच्या धडपडीत. स्वातंत्र्य हवे होते ते काम सुकर करण्यासाठीच.

पुढे मात्र या मुळाचा विसर पडत गेला. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहिला आणि पुढच्या वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. गाभा सर्वांचा झाल्यावर त्याभोवती संपूर्ण सिस्टीम रचून वाटणारे गट निघाले. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन आल्या, २००२ मध्ये आर्च, २००४ मध्ये उबुंटू, २००६ मध्ये मिंट. आज चालू असलेल्या डिस्ट्रो शेकड्यांनी मोजाव्या लागतात. शिवाय फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी ही वेगळ्या कुळातली घराणी आहेतच. नवख्याने ‘कोणती घेऊ?’ असे विचारले की दहा जण दहा नावे सांगतात, आणि पुष्कळदा तो माणूस होती तीच सिस्टीम बरी म्हणून परत जातो.

निवडीचा भार माणसाला खरेच पंगू करतो का? शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २०००चा प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा चव घेणाऱ्यांपैकी तीन टक्क्यांनी खरेदी केली, सहाच मांडले तेव्हा तीस टक्क्यांनी. बॅरी श्वार्ट्झ यांनी पुढे यावर आख्खे पुस्तक उभे केले. पण २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे पर्याय वाढल्याने माणूस गोंधळतो, कुठे सुखावतो. आपल्याला काय हवे ते ज्याला ठाऊक आहे त्याला जास्त पर्याय हवेच असतात. म्हणजे दोष संख्येला देऊन भागत नाही. तुलना करण्यासाठी लागणारे ज्ञान निवडणाऱ्याजवळ आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

नचिकेताची कथा या अंगाने पुन्हा वाचावी अशी आहे. नचिकेताला निवड करता आली, कारण यमाने दोन्ही वाटा त्याच्यापुढे उघड मांडल्या. हत्ती-घोडे देताना ‘हेच मोक्षाचे साधन आहे’ असे यम म्हणाला नाही. प्रेयाला श्रेयाचे लेबल लावून विकले असते तर त्या मुलाचा विवेकही हतबल झाला असता. निवड खरी ठरायला माणसाच्या शहाणपणाइतकाच देणाऱ्याचा प्रामाणिकपणा लागतो.

हा प्रामाणिकपणा कुठे सुटतो त्याचे उदाहरण मुक्त सॉफ्टवेअरच्या अंगणातच घडले. दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू काढली ती सामान्य माणसाला लिनक्स वापरता यावे म्हणून. त्यांच्या कॅनॉनिकल कंपनीने कैक वर्षे उबुंटूच्या सीडी जगभर फुकट घरपोच पाठवल्या. भारतातल्या कित्येक विद्यार्थ्यांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्या पाकिटातून. हे ऋण मोठे आहे. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या १२.१० या आवृत्तीत वापरणाऱ्याने स्वतःच्याच संगणकात एखादी फाइल शोधायला शब्द टाइप केला की तो शब्द कॅनॉनिकलच्या सर्व्हरवर जाऊ लागला आणि ॲमेझॉनवरच्या वस्तू शोधाच्या निकालात दिसू लागल्या. बंद करण्याची सोय होती, पण मुळात ते चालू होते, न विचारता. स्टॉलमन यांनी याला हेरगिरी म्हटले. शटलवर्थ यांचे उत्तर असे होते की तुम्ही आमची सिस्टीम बसवता, आमचे अपडेट घेता, म्हणजे तुमच्या यंत्राचे सर्वाधिकार आधीच आमच्या हाती आहेत आणि विश्वास तुम्ही टाकलेलाच आहे.

उत्तर खरे होते, आणि म्हणूनच अपुरे होते. विश्वास टाकल्यावाचून कोणालाच संगणक वापरता येत नाही. कोट्यवधी ओळींचा कोड स्वतः वाचून मग वापरणारा माणूस पृथ्वीवर नाही. पण विश्वास जितका अपरिहार्य, तितकी तो स्वीकारणाऱ्याची जबाबदारी वाढते. महाराष्ट्राने श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतला फरक दीर्घकाळ आणि मोठी किंमत देऊन चर्चिला आहे. तपासाला सामोरी जाते ती श्रद्धा आणि तपासाला घाबरते ती अंधश्रद्धा, ही कसोटी इथेही लावता येते. उबुंटूचा कोड उघडा होता म्हणून काय घडते आहे ते लोकांना कळले, ओरड झाली आणि २०१६ च्या १६.०४ आवृत्तीपासून ती गोष्ट मुळात बंद ठेवली गेली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा प्रोग्राममध्ये कोणी अत्यंत चलाखीने घातलेला चोरदरवाजा उघडकीला आला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना दूरच्या संगणकात लॉगिन करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला आणि त्यांनी त्याचा माग काढला. तो कोड फ्रॉइंड यांना वाचता आला नसता तर बहुधा तो उशीर कोणालाच उलगडला नसता. ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ वाचलेली नाही, तेही त्या दिवशी वाचले.

आता सोयीच्या बाजूने झालेल्या मोठ्या भांडणाकडे वळू. लिनक्सवर पडदा, खिडक्या, मेनू दाखवणारी निरनिराळी आवरणे आहेत. १९९६ मध्ये केडीई सुरू झाले, १९९७ मध्ये जीनोम. दोघांचा स्वभाव वेगळा. केडीईत जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते. जीनोमच्या मंडळींनी २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने केलेली वापराची चाचणी पाहिली, सामान्य माणसे कुठे अडखळतात ते पाहिले, आणि २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत सेटिंगांची छाटणी केली. त्यांच्यातल्या हॅवोक पेनिंग्टन यांनी तेव्हा मांडलेला विचार आजही अभ्यासण्यासारखा आहे: प्रत्येक जादा पर्यायाला किंमत असते. तो तपासावा लागतो, शिकवावा लागतो, गर्दीत त्यामुळे नेमका हवा तो पर्याय सापडत नाही. आणि पुष्कळदा ‘दोन्ही ठेवू’ असे म्हणणे म्हणजे बनवणाऱ्याने स्वतः विचार करण्याचे टाळणे असते.

टोरवाल्ड्स यांना हे पटले नाही. वापरणाऱ्याला मूर्ख समजून बांधलेली वस्तू, अशा अर्थाची जहाल टीका त्यांनी २००५ मध्ये केली आणि केडीई वापरा असे सांगितले. २०११ मध्ये जीनोमची तिसरी आवृत्ती आली तेव्हा भडका उडाला. टास्कबार गेला, जुना मेनू गेला, खिडकी लहान करण्याचे बटणही दिसेना. दहा वर्षांची हाताची सवय एका अपडेटमध्ये निकामी झाली. दृष्टिहीन माणसांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या ओर्का या प्रोग्रामवर विसंबून असणाऱ्यांची तर या स्थित्यंतरात फारच ओढाताण झाली. पुढे एक्स ही जुनी चित्रपद्धती मागे पडून वेलँड आली तेव्हा पुन्हा तेच घडले. डोळस माणसाला जे नवेपण वाटते, ते दुसऱ्या कोणाचे दारच बंद होणे असू शकते, हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी दर वेळी आधी विचारात घ्यायला हवे होते.

पण २०११ नंतर जे घडले ते बंद सिस्टीमच्या जगात घडूच शकत नाही. अर्जेंटिनातल्या एका माणसाने जुन्या जीनोमचा कोड उचलला आणि माटे या नावाने पुढे चालवला. मिंटचे क्लेमां लफेव्र यांनी नव्या जीनोमचा पाया घेऊन त्यावर जुन्या वळणाचे सिनॅमन रचले. ज्यांना जुनी मांडणी हवी होती त्यांना ती परत मिळाली. त्यातल्या बहुतेकांना प्रोग्रामिंगचा गंधही नव्हता. त्यांनी स्वतः कोड बदलला नाही, पण कोणीतरी बदलू शकत होता, आणि तेवढ्याने त्यांचे हित राखले गेले. मुक्त सॉफ्टवेअरवर नेहमीचा आक्षेप असतो की कोड पाहण्याचे स्वातंत्र्य हजारात एकाला उपयोगी, उरलेल्यांना त्याचे काय? उत्तर माटेत आहे. न्यायालयाची पायरी कधी न चढणाऱ्यालाही कायद्याचे संरक्षण मिळते, तसे हे आहे.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो मोलाचा आहे. माटे सुरू करणारा आर्च वापरणारा होता. आर्च ही डिस्ट्रो आपण वापरायला सोपी असल्याचा दावा मुळीच करत नाही. तिच्या तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की ती सर्वांना खूश करायला निघालेली नाही. जो स्वतः वाचतो, स्वतः दुरुस्त करतो, त्याच्यासाठी ती आहे. आपल्या परंपरेच्या भाषेत तिने अधिकारी साधकाचा मार्ग धरला आहे. कठोपनिषदही तेच म्हणते: हे ऐकायला मिळणारे थोडे, ऐकून कळणारे त्याहून थोडे. त्या कठीण वाटेवरच्या माणसाने सोपी वाट हवी असणाऱ्यांसाठी काम केले. अधिकारी असण्याचे यापेक्षा चांगले समर्थन दुसरे नाही.

मराठीत या प्रश्नाला सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच एक उत्तर मिळाले आहे. चक्रधरांनंतर महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. पंथात केशिराजांसारखे संस्कृतचे मोठे पंडित होते आणि शास्त्र संस्कृतात लिहिणे त्यांना सहज जमले असते. ‘स्मृतिस्थळा’त नोंद आहे की नागदेवाचार्यांनी तसे करू दिले नाही, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. श्रेय हवेच, त्याबद्दल तडजोड नाही. पण ते म्हाताऱ्यांच्या हाती पडले पाहिजे, आणि ते कसे पडेल हे पाहण्याचे काम पंडितांचे. इथे सोपेपणा हा मोह राहत नाही, ते जाणत्याचे देणे होते.

अमर्त्य सेन यांनी स्वातंत्र्याची चर्चा याच दिशेने नेली. सायकल मालकीची असणे आणि सायकल चालवता येणे यांत अंतर आहे. हाताशी साधन असूनही ते वापरण्याची क्षमता नसेल तर स्वातंत्र्य कागदावर राहते. संपूर्ण इंग्रजी सिस्टीम, मग तिचा कोड कितीही उघडा असो, मराठीच येणाऱ्या माणसाला तशीच कागदावर मिळालेली असते. या बाबतीत महाराष्ट्रात खरे काम झाले आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी भारतीय भाषांचे लोहित फाँट वर्षानुवर्षे सांभाळले, जीनोम आणि इतर प्रोग्रामांची मराठी भाषांतरे केली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिबरऑफिस शिकवणारे धडे मराठीतून ऐकवले. सी-डॅकने २००७ पासून डेबियनवर आधारलेली बॉस ही भारतीय भाषांची सिस्टीम दिली. केरळ याहून पुढे गेले. तिथल्या सरकारी शाळांत पिढीच्या पिढी मुक्त सॉफ्टवेअरवर शिकून बाहेर पडली, मल्याळम भाषेसह. महाराष्ट्रातल्या शाळांत असे व्यापक काम झाले नाही, आणि ते व्हायला हवे होते.

एक प्रयोग मात्र रायगड जिल्ह्यात झाला. २००७ मध्ये खैराटच्या धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांची ही योजना. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर लिनक्स होते आणि त्यावर ‘शुगर’ नावाचे मुलांसाठी मुळापासून विचार करून केलेले आवरण. त्यात फाइली नव्हत्या, फोल्डर नव्हते, ‘सेव्ह’ करण्याची कटकट नव्हती. केलेले काम रोजनिशीत आपोआप उमटे. शेजारच्या मुलाचा लॅपटॉप पडद्यावर दिसे, त्याच्यासोबत एकच चित्र काढता येई. ऑफिसातल्या टेबलाची नक्कल न करता लहान मुलाच्या जगातून संगणकाकडे पाहण्याचा इतका धीट प्रयत्न क्वचितच झाला आहे. आणि त्या कीबोर्डवर एक खास कळ होती: ती दाबली की समोर चाललेल्या प्रोग्रामचा सोर्स कोड दिसावा, मुलाने तो बदलून पाहावा, अशी कल्पना होती.

ती कळ म्हणजे श्रेय-प्रेयाच्या वादाला मिळालेले आजवरचे सर्वांत सुंदर उत्तर आहे. समोर सहा वर्षांच्या मुलाला झेपेल इतके सोपे, आणि त्याच्याच आड, एका बोटाच्या अंतरावर, सगळे उघडे. सोपेपणाच्या मागे भिंत बांधायची की दार ठेवायचे, हा बनवणाऱ्याचा निर्णय असतो. दार ठेवले तर सोय स्वातंत्र्याची पहिली पायरी होते. कळ सगळ्या प्रोग्रामांत नीट चालली नाही, हे खरे. योजनेची दिशाही लवकरच बदलली. देशोदेशींच्या सरकारांना ओळखीचे विंडोज हवे होते आणि नेग्रोपॉन्टे यांना आग्रही मुक्तवादी आपल्या वाटेतला अडसर वाटू लागले. २००८ च्या वसंतात शुगरचे प्रमुख वॉल्टर बेंडर यांनी संस्था सोडली, त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टशी करार जाहीर झाला. बेंडर यांनी शुगर लॅब्ज काढून काम चालू ठेवले.

सरकारे ओळखीच्या वस्तूकडे ओढली जातात याचा दुसरा दाखला म्युनिकचा. त्या शहराने २००३ मध्ये विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर सुटी मोडून महापौरांना भेटायला गेले, तरी शहर बधले नाही. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिमक्स या त्यांच्या डिस्ट्रोवर आले होते. २०१७ मध्ये नव्या नेतृत्वाने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, पण त्यातल्या कितीतरी तक्रारींचे मूळ महापालिकेच्या विस्कळीत संगणक विभागात होते. सोय ही सिस्टीमच्या पोटात जितकी असते तितकीच शेजारच्या टेबलावर मदतीला कोण आहे यातही असते. २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे तीस हजार संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचे जाहीर केले. तिथे मदतीचा हा भाग कसा सांभाळला जातो यावर बरेच ठरेल.

मग डेबियनने २०२२ मध्ये केले ते बरोबर की चूक? बरोबर केले. वाय-फाय न चालणारी शुद्ध सिस्टीम ज्याच्यापर्यंत पोहोचतच नाही त्याला तिने मुक्त केले असे म्हणता येत नाही. पण हे उत्तर अटीमुळे बरोबर ठरते: काय चढवले ते सांगितले जाते आणि नाकारण्याची वाट राहते. ॲमेझॉनच्या शोधात आधी विचारणे नव्हते, म्हणून तिथली सोय दूषित होती. आणि ट्रिस्केलची मंडळी वेडी नाहीत. बंद फर्मवेअरशी तडजोडच न करणारे एक टोक जगात शाबूत राहिले, म्हणून तर इतरांना आपण किती सोडले ते मोजता येते. सर्वांनी त्या टोकावर राहावे ही अपेक्षा मात्र नागदेवाचार्यांना पटली नसती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण मोफत आधार संपला. पुढची आवृत्ती न पेलणारे हजारो चालू संगणक घरांत, शाळांत, ग्रंथालयांत, पतसंस्थांत पडून राहणार आहेत. ते भंगारात देण्याआधी मिंटसारखी एखादी डिस्ट्रो पेनड्राइव्हवर घेऊन पाहावी. हार्ड डिस्कवर काहीही न बसवता ती पेनड्राइव्हवरूनच चालते. प्रिंटर, वाय-फाय आणि मराठी कीबोर्ड चालतो का एवढे तपासावे, आणि पटली तरच बसवावी. शंभर डिस्ट्रोंच्या चर्चेत शिरण्याची गरज नाही, कारण पहिली निवड चुकली तरी आपल्या फाइली घेऊन दुसरीकडे जाता येते. आणि ज्यांना इंग्रजी व मराठी दोन्ही चांगले येते त्यांनी जीनोम, केडीई किंवा लिबरऑफिसच्या मराठी भाषांतराच्या गटात नाव घालावे. भाषांतराच्या या कामाला प्रोग्रामिंग यावे लागत नाही.